राहून गेलेलं

ज्याच्या हातून घडतं तो विसरतो. ज्याच्यावर घडतं त्याला वार, वेळ, अंगावरचे कपडे, सगळं आठवतं.

अपराधाबद्दल लिहिताना आपण नेहमी अपराध्याच्या उशाशी बसतो. त्याची उडालेली झोप, मनाची टोचणी, शेवटची कबुली. पण टोचणीच नसेल तर? तो खोटं बोलत नसेल, खरोखरच त्याला काही आठवत नसेल तर प्रायश्चित्त कुणी, कशाचं करायचं?

'उमिनेको नो नाकु कोरो नि' ही जपानी व्हिज्युअल नॉव्हेल मी वाचली, तेव्हापासून हा प्रश्न मला सोडत नाही. नावाचा अर्थ साधारण 'सीगल पक्षी रडतात तेव्हा'. पडद्यावर चित्र, चित्रावर मजकूर, मागे पाऊस आणि संगीत. वाचकानं कळ दाबत पुढे जायचं, एवढंच. घडणारं काही थांबवणं जवळजवळ शेवटपर्यंत त्याच्या हातात नसतं. र्युकिशी०७ हे टोपणनाव घेणाऱ्या लेखकानं आपल्या छोट्या गटाबरोबर ऑगस्ट २००७ ते डिसेंबर २०१० या काळात तिचे आठ भाग काढले, दर सहा महिन्यांनी एक. वाट पाहणाऱ्या मुलीची ही गोष्ट पहिल्या वाचकांनीही वाट पाहत वाचली.

ऑक्टोबर १९८६. रोक्केनजिमा नावाचं खासगी बेट, त्यावर श्रीमंत घराण्याचा वाडा, गुलाबांची बाग, एका चेटकिणीचं भलंमोठं तैलचित्र. म्हातारा किंझो, त्याची वारशासाठी टपलेली मुलं, दहा टन सोन्याची वदंता. वादळ येतं, बोटी बंद होतात आणि माणसं मरू लागतात. चित्रातली चेटकीण बेआत्रीचे म्हणते, मी मारलं. अठरा वर्षांचा नातू बॅटलर म्हणतो, जादू नसतेच, हे माणसाचं काम आहे. तेच दोन दिवस पुन्हा पुन्हा मांडले जातात आणि दर खेपेला नव्यानं रक्त सांडतं.

या गोष्टीत लाल अक्षरांतलं वाक्य निखालस खरं मानायचं, पुरावा मागायचा नाही, असा नियम आहे. चौथ्या भागात, सगळं संपत आलेलं असताना, बेआत्रीचे बॅटलरला विचारते: सहा वर्षांपूर्वी तू एक पाप केलंस, ते आठव. त्याला वाटतं, आई गेल्यावर बापानं लगेच दुसरं लग्न केलं, म्हणून आपण घराण्याचं नाव टाकून निघून गेलो, ते असेल. ती म्हणते, ते नाही. मग? त्याला सुचत नाही. तो प्रामाणिकपणे सांगतो की आठवत नाही. इतके खून पचवून हसणारी ती चेटकीण त्या एका उत्तरानं विझते.

पाप काय होतं ते ती लाल अक्षरांत सांगून मोकळी होऊ शकली असती. पण आपण आठवण करून दिली तर ती आपलीच आठवण राहते, समोरच्याची होत नाही.

पाप होतं ते एवढंच. वाड्यात शॅनन नावाची एक मोलकरीण पोर होती; चेटकिणीच्या रूपामागची ती हीच. तिला आणि बॅटलरला, दोघांना रहस्यकथांचं वेड. बारा वर्षांचा मुलगा जाताना ऐटीत म्हणाला, पांढऱ्या घोड्यावरून परत येईन, तुला इथून घेऊन जाईन. मग सहा वर्षं आला नाही. चुलत-आते भावंडांना त्याची पत्रं आली, तिच्या नावानं एकही नाही.

बारा वर्षांच्या पोराच्या बढाईला पाप म्हणायचं का? माझं मन आधी नाहीच म्हणालं. एका विसरलेल्या शब्दावरून इतकी प्रेतं पाडणं कुठल्याही तराजूत बसत नाही, आणि गोष्टही तसं बसवायचा प्रयत्न करत नाही. पण त्या मुलीजवळ दुसरं होतं काय? नाव दुसऱ्यांनी दिलेलं, जन्माची हकिकत दडवलेली, शरीराबद्दलही मनात लाज. चारही बाजूंनी भिंती आणि तो शब्द ही एकच खिडकी. शब्द देणाऱ्याला तो हलका वाटला म्हणून तो हलका ठरत नाही. वजन करायचं तर दगड फेकणाऱ्याच्या हातात नव्हे, पडला तिथं करायला हवं.

जपानी भाषेत 'त्सुमी' हा एकच शब्द गुन्ह्यालाही लागतो आणि पापालाही. आपल्याकडे चूक, दोष, अपराध, गुन्हा, पाप अशा बऱ्याच खुंट्या आहेत आणि आपण आपलं कृत्य सगळ्यात खालच्या खुंटीला अडकवतो. शिवाय मराठीत एक असं क्रियापद आहे ज्यात कर्ताच लागत नाही. राहून गेलं. पत्र लिहायचं राहून गेलं. भेटायला जायचं राहून गेलं. 'मी गेलो नाही' असं कुणी म्हणत नाही. जणू जाणं ही एक वस्तू होती आणि ती आपली आपण एसटीत विसरली.

मागं एका लग्नात आजोळच्या शेजारची मैत्रीण भेटली. आम्ही दोघंही आता पन्नाशी ओलांडलेली. पंगतीत शेजारी बसल्यावर ती सहज म्हणाली, "दिवाळीत येताना तू मला रंगपेटी आणणार होतास." मी हसलो. ती हसली नाही, रागावलेलीही नव्हती. म्हणाली, "चार दिवस मी फाट्यावर येऊन बसायचे." मी लगेच म्हटलं, "अगं, माफ कर, चुकलंच माझं." तिनं पानावरून नजर वर न करता विचारलं, "तुला आठवतंय?"

मला आठवत नव्हतं. माझ्या तोंडून जी माफी निघाली होती ती कशाचीच नव्हती. समोरचं बोलणं थांबावं म्हणून आपण जे पुढे करतो, ते मी पुढे केलं होतं.

'उमिनेको'त माफी मागणारी माणसं पुष्कळ आहेत. सगळ्यांत गहन माफी म्हाताऱ्या किंझोची. पूर्वी त्यानं एका इटालियन बाईवर प्रेम केलं, ती बाळंतपणात गेली. तिच्या मुलीला त्यानं बेटावरच्या दुसऱ्या, लपवलेल्या वाड्यात वाढवलं आणि आईच परत आली असं स्वतःला पटवून तिच्यावर हात टाकला. त्यातून झालेलं मूल हीच ती मोलकरीण. १९८४ साली तिनं घराण्याच्या सोन्याचं कोडं सोडवलं. तेव्हा किंझो तिच्यापुढं रडला, क्षमा मागितली आणि समाधानानं मेला. पण त्याच्या डोळ्यांना तीन पिढ्यांच्या तीन बायका एकच दिसत होत्या. क्षमा त्यानं कुणाकडे मागितली? मला त्या म्हाताऱ्याच्या शांत मरणाचा राग येतो. त्यानं ओझं उतरवलं ते तिच्या डोक्यावर. जिचं नावही धड घेतलं नाही, तिच्यापुढे गाळलेले अश्रू शेवटी स्वतःसाठीच असतात.

आणि जिनं कधीच माफी मागितली नाही अशी एक आहे. एवा. बेटावरून ती एकटी जिवंत परतल्याचं जगाला ठाऊक, नवरा आणि मुलगा गमावून. खुनी तीच, असं लोक बोलत राहिले. घरी सहा वर्षांची भाची एंजे, आजारी पडल्यामुळे बेटावर न गेलेली, म्हणून वाचलेली. एवानं तिला वाढवलं आणि छळलंही. काय घडलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही. एंजे तिचा द्वेष करत मोठी झाली. पुढे कथा सुचवते की खरं सांगितलं असतं तर त्या पोरीला आपल्याच आईबापांबद्दल असं काही कळलं असतं, ज्याच्यासह जगता आलं नसतं. एवा चांगली बाई नव्हती. पण तिनं भाचीला द्वेष करायला जागा दिली, आणि ती जागा म्हणजे स्वतः. मुलीला मारणाऱ्या हातांनीच तिच्यासाठी हे झाकून धरलं होतं. या दोन गोष्टींची बेरीज मला अजून जमलेली नाही, आणि ती जमवण्याची घाईही मला नाही.

बॅटलरला कळतं, पण केव्हा? पाचव्या भागात. तोवर बेआत्रीचे नुसती बसलेली बाहुली झालेली असते, डोळ्यांत काही नाही, आणि पुढे तीही विरून जाते. ती गेल्यावर त्याला सगळं उलगडतं. त्यानंतर तो तिला नव्यानं घडवतो, चेहरा तोच, आवाज तोच. पण या नव्या मुलीला मागचं काही माहीत नाही. आता आठवणारा तो आणि न आठवणारी ती. पश्चात्तापाला पश्चात् का म्हटलं असेल, ते मला शब्दकोशापेक्षा इथं जास्त कळलं. ताप आला तेव्हा ज्याच्यासाठी यायला हवा होता ते माणूस खोलीत नव्हतं.

आणि मग वास्तवातला, बेटाबाहेरचा बॅटलर. तोही समुद्रातून वाचला होता, पण स्मृती जाऊन. तोया हाचिजो या नावानं नवं आयुष्य सुरू झाल्यावर जुन्या आठवणी हळूहळू परत आल्या, पण आपल्या म्हणून नव्हे. दुसऱ्याच कुणाच्या आठवणी आपल्या डोक्यात शिरताहेत असं त्याला वाटे. जीव द्यायचाही त्यानं प्रयत्न केला. बहीण एंजे जिवंत आहे, आपली वाट पाहतेय, हे ठाऊक असूनही तो कित्येक वर्षं तिला भेटला नाही. आधी माणूस होता, आठवण नव्हती. आता आठवण होती, 'हा मी' म्हणणारा माणूस नव्हता. मला वाटतं, या दोघांची गाठ पडेपर्यंत प्रायश्चित्ताला सुरुवातच होत नाही. व्रतं, दानं, अश्रू हे सगळं नंतरचं.

शेवटी तो बहिणीला भेटतो. दोघंही म्हातारपणाकडे झुकलेली. मी तुझा भाऊ आहे असं तो म्हणू शकत नाही, पण तुझ्या भावाचं माझ्याजवळ आहे ते हे, म्हणून पुढे ठेवतो. आणि बेआत्रीचेच्या तैलचित्रासमोर चाकाच्या खुर्चीत येऊन थांबतो.

त्या लग्नाच्या पंगतीत मीही शेवटी तिला म्हटलं, "नाही आठवत. तू सांग."

तिनं हात धुतला, पदराला पुसला आणि सांगायला लागली. रंगपेटी बारा रंगांची होती, झाकणावर पोपट. मी ती राजापूरच्या बाजारात तिला काचेतून दाखवली होती. एसटी साडेचारला फाट्यावर यायची, कधी पाचला. तिसऱ्या दिवशी तिच्याबरोबर धाकटा भाऊही आला होता, त्याला गाडीतून उतरणारा प्रत्येक मुलगा मीच वाटत होता. चौथ्या दिवशी पाऊस पडला, अवकाळी.

"मग?" मी विचारलं.

"मग कंडक्टरनंच सांगितलं," ती म्हणाली, "घरी जा गो बाय, आज मुंबईचं कुणी नाही."