वेठीस धरलेला माणूस

उपवासकाळात क्रूसाची वाट करताना पाचव्या स्थानापाशी आम्ही दरवर्षी अडखळतो. कुरेनेकर शिमोन रानातून येत होता आणि शिपायांनी त्याला येशूचा क्रूस वाहण्यास भाग पाडले, एवढेच शुभवर्तमान सांगते. त्या घटकेला शिमोनाच्या मनात काय होते, याविषयी मार्क, मत्तय व लूक हे तिघेही मौन पाळतात. प्रवचनांतून मात्र आपण त्याला स्वखुशीने पुढे आलेला सेवक करून टाकतो, आणि ते सोयीचेही असते. मराठी भाषांतरकारांनी येथे 'वेठ' हा शब्द योजला, याचे आम्हांस फार मोल वाटते. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत राहणाऱ्या भिल्ल-पावरा माणसाला त्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधावा लागत नाही.

वेठीस धरलेल्या माणसाने केलेले कृत्य कोणाचे? त्याचे, की वेठीस धरणाऱ्याचे? आणि वेठीचे काम क्रूस वाहण्याचे नसून आपल्याच माणसांवर चालून जाण्याचे असेल तर?

१९८१ साली 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क' नावाचा एक अमेरिकन चित्रपट निघाला. त्यात १९९७ हे 'भविष्यातील' वर्ष कल्पिले आहे. देश हुकूमशाहीकडे झुकला आहे, न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटन बेटाचा एक प्रचंड तुरुंग झाला आहे आणि राष्ट्राध्यक्ष त्या तुरुंगात अडकले आहेत. त्यांना सोडवून आणण्याची कामगिरी सरकार एका शिक्षा झालेल्या गुन्हेगारावर सोपवते. काम फत्ते झाले तर माफी. पण वेळेत परतला नाही तर त्याच्या मानेत आधीच सोडलेली स्फोटके त्याचा जीव घेतील. ते वर्ष केव्हाच मागे पडले आणि चित्रपट आता जुना झाला. आमच्या मनात मात्र तो राहिला, कारण भविष्याची म्हणून कल्पिलेली ही गोष्ट आमच्या खानदेशात १८२५ सालीच घडून गेली होती. फरक एवढाच, की मानेत स्फोटके घालण्याची तेथे गरज पडली नाही.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला. त्या वेळी हा मुलुख उजाड झालेला होता. शिंदे-होळकरांच्या फौजांनी तो तुडविला होता, १८०३-०४ च्या दुष्काळाने उरलीसुरली गावे ओस पाडली होती. घाट राखावेत आणि त्याबद्दल वाटसरूंकडून व गावांकडून हक्काचे उत्पन्न घ्यावे, ही भिल्ल नाईकांची जुनी रीत मोडून पडली होती. पोट भरण्यास लूट राहिली. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत भिल्लांना फसवून एकत्र आणून त्यांची कत्तल केल्याच्या नोंदीही आहेत. तेव्हा शासन नावाच्या वस्तूवर त्यांचा विश्वास का नव्हता, हे विचारण्याचे कारण नाही. कंपनीने प्रथम फौजा धाडल्या. सातपुड्यातील हिवतापाने शिपाई जर्जर झाले आणि डोंगर होता तसाच राहिला.

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी मग निराळा मार्ग धरला. १८२५ साली खानदेशात भिल्ल एजन्सी नेमल्या गेल्या. नंदुरबार, सुलतानपूर, पिंपळनेर हा भाग वायव्येकडील एजन्सीत आला. नाईकांना तनखे, शेतीला तगाई आणि जुन्या गुन्ह्यांची माफी देण्यात आली. त्याच वेळी धरणगाव येथे लेफ्टनंट जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच एक पलटण उभारण्यास आरंभ केला. कालपर्यंत सरकारदरबारी जे लुटारू होते, त्यांच्याच अंगावर सरकारी पोशाख चढला. त्यांनी करावयाचे काम ठरलेले होते: जे अजून डोंगरातून खाली उतरले नाहीत, त्यांना उतरविणे.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. औट्रम दुष्ट माणूस नव्हता. तो भिल्लांबरोबर रानात राहिला, त्यांच्यासह वाघांच्या शिकारी केल्या, त्यांच्यात निःशस्त्र वावरला. हा आपल्याला एका जागी गोळा करून मारण्याचा नवा डाव आहे, हा त्यांचा संशय त्याने धीराने दूर केला. कत्तलीपेक्षा माफी बरी, हे कोण नाकारील? त्या धोरणाने कित्येकांचे प्राण वाचले आणि ओस गावांत पुन्हा नांगर फिरला. पण म्हणूनच प्रश्न अधिक अवघड होतो. दंडुक्याने लादलेली वेठ ओळखू येते. ममतेने लादलेली वेठ, वाहणाऱ्यालाही चटकन ओळखू येत नाही. १८३० साली औट्रम हीच पलटण घेऊन डांगच्या भिल्ल राजांवर चालून गेला. त्या वाटेवर चालणाऱ्या एखाद्या भिल्ल शिपायाच्या मनात काय होते, याचीही नोंद कोणी ठेवली नाही. औट्रमची समाधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे.

संत थॉमस अक्विनास यांनी भीतीपोटी केलेल्या कृत्यांचा विचार करताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण घेतले आहे. वादळात सापडलेला व्यापारी जहाज वाचावे म्हणून आपला माल समुद्रात फेकतो. माल फेकण्याची त्याला हौस नसते, तरी त्या क्षणी तो फेकतो स्वतःच्या निर्णयानेच. म्हणून असे कृत्य संमिश्र असते. परिस्थिती पाहता ते त्याचेच, एरव्ही त्याच्या इच्छेविरुद्धचे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही भीती व जबरदस्ती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते, प्रसंगी नाहीशीही होते, असे मानले आहे. येथवर आमचे समाधान होते. पण समुद्रात फेकावयाचे गाठोडे मालाचे नसून भावाचे असेल, तर व्यापाऱ्याचा दाखला कितपत पुरतो? काही कृत्ये अशी असतात की प्राण गेला तरी करू नयेत, हे तर ॲरिस्टॉटललाही मान्य होते.

त्या वाटेने गेलेले लोक आहेत. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरस्टेटर यांनी हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. परंतु ते हयात असताना त्यांच्याच महागुरूंनी त्यांना बायकोमुलींचा विचार करण्याचा सल्ला दिला होता, हे आम्ही विसरू इच्छीत नाही. नकाराची किंमत एकट्याने भरता येत नाही. ती घरालाही भरावी लागते. म्हणून धरणगावच्या शिपायाला 'तू नाही का म्हटले नाहीस?' असे विचारण्याचा अधिकार, घरात सुरक्षित बसलेल्या आम्हांला आहे असे वाटत नाही.

खाज्या नाईकाची कहाणी मात्र वेगळ्या वळणाची. सेंधवा घाटाची राखण हे त्याच्या घराण्याचे काम होते आणि त्याबद्दल सरकारी चाकरी होती. एका मृत्यूच्या प्रकरणात त्याला तुरुंगवास झाला. पुढे १८५७ चा वणवा पेटला, घाट राखण्यास माणूस हवा झाला, तेव्हा सरकारला त्याच्या जुन्या चाकरीची आठवण झाली. त्याला पुन्हा कामावर घेतले गेले. काही काळातच तो भीमा नाईकासह बंडात उतरला आणि त्याच रस्त्यावरून जाणारा सरकारी खजिना त्याने लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे लढाई झाली. त्यांच्यावर चालून आलेल्या फौजेत भिल्लांची पलटणही होती. लढाईनंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना जागच्या जागी चौकशी उरकून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या पुढे विश्वासघाताने मारला गेला. तो संत नव्हता, आम्ही त्याला तसे रंगवीतही नाही. पण माफीच्या मोबदल्यात जे विकत मागितले जात होते, ते त्याने शेवटी दिले नाही.

माफी विकत मागितली जाते, याच ठिकाणी आमचे मन थबकते. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला मिठी मारण्यापूर्वी 'आधी तुझ्या जुन्या सोबत्यांना धरून आण' असे म्हटले नाही. राज्यशासन हे बाप नव्हे, त्याला चौकी-पहारा लागतो, हे कबूल. तरी अपराध्याच्या अपराधालाच हत्यार बनविणारी माफी ही क्षमा नसून कर्ज असते, आणि त्या कर्जाचे व्याज त्याचे भाऊबंद फेडतात.

हे सारे दीडदोनशे वर्षांपूर्वीचे म्हणून मिटवून टाकता आले असते. छत्तीसगडमध्ये शाळा अर्धवट सोडलेल्या आदिवासी तरुणांना, आणि शरण आलेल्या नक्षलवाद्यांनाही, दरमहा ३००० रुपये देऊन विशेष पोलीस अधिकारी नेमले गेले व त्यांच्याच रानात बंदूक देऊन धाडले गेले. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनेच्या १४ व्या व २१ व्या कलमांचा भंग करणारे ठरविले. त्याच वर्षी त्या राज्याने नवा कायदा करून सहायक सशस्त्र दल उभारले. जिल्हा राखीव दलातही शरण आलेल्यांची भरती होत राहिली. २६ एप्रिल २०२३ रोजी दंतेवाड्यात सुरुंगाच्या स्फोटात या दलाचे दहा जवान आणि त्यांचा वाहनचालक ठार झाले. जवानांतील काहीजण एके काळी, सुरुंग पेरणाऱ्यांच्याच बाजूचे होते.

शिमोनाकडे पुन्हा वळतो. मार्क त्याची ओळख देताना म्हणतो, हा आलेक्सांद्र व रूफ यांचा बाप. म्हणजे त्या मुलांना शुभवर्तमानाचे पहिले वाचक ओळखत असावेत. बापाने त्या दिवशी घरी गेल्यावर खांदा चोळीत मुलांना काय सांगितले असेल? आंबापाणीहून परतलेल्या पलटणीतल्या शिपायांनाही मुले होती.