यशस्वी उपाय आणि कारणाचे ज्ञान

संगणकाला वायफाय मिळेनासे झाले की राउटर, म्हणजे तारेने आलेले इंटरनेट रेडिओलहरींनी घरभर पोचवणारे उपकरण, बंद करून पुन्हा चालू केले जाते आणि पुष्कळदा जोडणी परत येते. परंतु तेवढ्यावरून बिघाडाचे कारण कळले असे मानावे काय, हा प्रश्न न्यायदर्शनाच्या एका मूळ सिद्धान्ताची कसोटी पाहणारा आहे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याची यथार्थता, ज्ञानासोबत आपोआप कळत नाही, तर त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली की अनुमानाने कळते: दूरवर पाणी दिसले आणि जवळ गेल्यावर तहान भागली, तर आधीचे ज्ञान खरे. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याचा आरंभच या विचाराने होतो.

मात्र फळाला आलेली कृती नेमके कोणते ज्ञान खरे ठरवते, हे बारकाईने पाहावे लागते. पुण्यातल्या कोथरूडच्या एखाद्या सोसायटीत भिंतीला भिंत लागून असलेल्या सदनिकांतले अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात चालतात. त्यात सर्वसाधारणपणे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर न चढता वापरता येतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच कंप्रतेवर चालतो. शेजारचा ओव्हन त्याच मिनिटाला थांबला असेल, तर राउटर पुन्हा चालू करणे ‘अन्यथासिद्ध’ ठरते, म्हणजे कार्याआधी घडूनही त्याचे कारण नसलेले. न्यायग्रंथांत याचे उदाहरण कुंभाराच्या गाढवाचे आहे, जे माती वाहून आणते, पण ज्याच्यावाचून घट अडत नाही. भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’त अशा संज्ञांचा उलगडा आहे, आणि वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संस्कारिलेली त्याची आवृत्ती पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली काढली.

खऱ्या कारणाकडे नेणारी वाट अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे एक असता दुसरे असते आणि नसता नसते हे पडताळण्याची, आहे. संगणक केबलने राउटरला जोडताच इंटरनेट आले, तर दोष बिनतारी भागात; त्याच वायफायवर फोन चालतो आणि संगणक चालत नाही, तर दोष बहुधा संगणकात. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्याने संगणकाने तो स्वतःच घेतला आहे, याचे ते ‘लिंग’, म्हणजे अनुमानाचा आधार होणारे चिन्ह, होय. वाड्याच्या जाड भिंतींत ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अधिक क्षीण होतात, म्हणून राउटरच्याच खोलीत संगणक नेऊन पाहणे हाही व्यतिरेकच.

एवढे करूनही एखादा दडलेला उपाधी, म्हणजे नियमाला छुपेपणाने अटीत बांधणारा घटक, उरला असेल, असा चार्वाकपक्षाचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त त्याला दिलेले उत्तर येथे अधिक पटणारे आहे: शंकेची मर्यादा व्याघात, म्हणजे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच कृतीशी येणारा विरोध, ही आहे; कारण केबल लावून पाहणारा मनुष्य कार्यकारणभाव आधीच मान्य करून हात पुढे करत असतो.