परवलीचा शब्द

रात्रीच्या अंधारात छावणीकडे येणाऱ्या माणसाला पहारेकरी अडवीत असे आणि त्या रात्रीपुरता ठरवून दिलेला शब्द त्याच्याकडून वदवून घेत असे. परवलीच्या शब्दाचा हा मूळ उपयोग ध्यानात घेतला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. ‘तू कोण?’ या प्रश्नाचे उत्तर तो शब्द देत नसे. ‘तू आमच्यापैकी आहेस काय?’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळे. शब्द सर्वांचा सारखाच असे, उजाडताच तो निरुपयोगी होई, आणि एखादा शिपाई तो विसरलाच तर त्याच्या पथकातील दुसऱ्या कोणाला पुढे होऊन ‘हा आपला आहे’ असे सांगता येई.

हाच शब्द जेव्हा एकेका माणसाला वेगळा देण्यात आला तेव्हा त्याचा अर्थ बदलला. १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांदो कॉर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर अनेकांना काम करता येईल अशी व्यवस्था उभारली. प्रत्येकाची कागदपत्रे प्रत्येकापुरती राहावीत, म्हणून ज्याचा त्याला शब्द मिळाला. १९६२ साली तेथल्याच एका संशोधकाने, आपल्या वाट्याचा संगणकवेळ अपुरा पडतो म्हणून, सर्वांच्या शब्दांची यादीच छापून घेतली. म्हणजे या कुलपाच्या जन्माबरोबरच त्याची चोरीही जन्मली, आणि तीही कामसू माणसाच्या हातून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पण चोरीपेक्षा अवघड प्रश्न विस्मरणाचा आहे. चोराजवळ शब्द असतो आणि हक्क नसतो. विसरणाऱ्याजवळ हक्क असतो आणि शब्द नसतो. द्वारपालाने कोणाला आत घ्यावे?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एका माणसाची कल्पना करावी. भिलाईतील खुर्सीपार या कामगारवस्तीत तो राहतो. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतर तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून जी माणसे आली त्यांत गोंदिया-भंडाऱ्याकडून त्याच रेल्वेमार्गाने आलेली मराठी कुटुंबेही होती. अशाच एका कुटुंबातील हा निवृत्त कामगार. (ज्या भूमीवर तो जन्मभर राहिला ती १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होती, मग भोपाळ राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात आली आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडात आहे. जागा हलली नाही. तिची ओळख मात्र दोनदा नव्याने लिहिली गेली.) मुलाने त्याला फेसबुकवर खाते उघडून दिले. पत्नी हयात असताना तिची छायाचित्रे त्यावर चढली, नात्यातल्या माणसांनी त्यांखाली चार शब्द लिहिले, तिनेही त्यांना उत्तरे दिली. ती गेली. दूरध्वनी बदलला, जुना क्रमांक पैसे न भरल्याने बंद पडला, आणि एके दिवशी यंत्राने शब्द विचारला तेव्हा तो आठवेना.

येथे यंत्राची रचना थोडी समजून घ्यावी लागते, कारण तिच्यातच नैतिक गुंता दडलेला आहे. नीट बांधलेली व्यवस्था वापरकर्त्याचा शब्द स्वतःजवळ ठेवीतच नाही. त्या शब्दावर एक गणिती प्रक्रिया करून उरलेला अवशेष तेवढा ती जपते. अवशेषावरून शब्दाकडे परत जाता येत नाही. माणूस पुन्हा शब्द सांगतो तेव्हा त्यावर तीच प्रक्रिया होते आणि दोन्ही अवशेष जुळतात की नाही एवढे पाहिले जाते. म्हणून ‘माझा विसरलेला शब्द मला सांगा’ ही विनंती तेथे कोणीच पुरी करू शकत नाही. फार तर नवा शब्द ठरवू देता येतो. परंतु तो कोणाला ठरवू द्यायचा? ज्याच्याजवळ जुना दूरध्वनी क्रमांक आहे त्याला, किंवा जुन्या ईमेल पत्त्यावर आलेला संकेत जो वाचू शकतो त्याला. भारतात बंद झालेला मोबाइल क्रमांक नव्वद दिवसांच्या अवधीनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तेव्हा खुर्सीपारच्या त्या वृद्धाची ओळख पटवणारे सहा आकडे कदाचित एखाद्या अपरिचिताच्या खिशात जाऊन पोचतील. तो अपरिचित ते पुसून टाकील. आणि न पुसता वापरील तर यंत्राच्या लेखी वृद्ध तोच.

जॉन लॉकने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत जे प्रकरण नव्याने घातले, त्यात व्यक्तीची एकता तिच्या जाणिवेत आणि गतकाल आपला म्हणून आठवण्यात आहे असे प्रतिपादन केले. थॉमस रीडने १७८५ मध्ये त्यावर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. लहानपणी फटके खाल्लेला मुलगा पुढे शूर अधिकारी झाला व त्याही पुढे वृद्ध सेनापती. अधिकाऱ्याला फटके आठवतात, सेनापतीला अधिकाऱ्याचा पराक्रम आठवतो, फटके मात्र आठवत नाहीत. मग तो त्या मुलाहून निराळा माणूस झाला काय? रीडचे म्हणणे उघडच बरोबर आहे. स्मृती हा माणूस तोच असल्याचा पुरावा होऊ शकते, त्याच्या ‘तोच’ असण्याचे कारण होऊ शकत नाही. आपल्याकडे नैयायिकांनी तर स्मृतीला प्रमेच्या पंक्तीत बसवलेच नाही, आणि प्रत्यभिज्ञेला, म्हणजे समोर उभ्या असलेल्याला पाहून ‘हा तोच देवदत्त’ असे ओळखण्याला, वेगळे स्थान दिले. संगणकाच्या दारावर हा भेद पुसला गेला आहे. तेथे देवदत्ताला पाहणारा कोणी नाही. देवदत्ताने काहीतरी आठवून दाखवावे एवढीच अपेक्षा आहे.

आठवून दाखवणे ही कसोटी किती फसवी आहे हे मराठी माणसाला तरी सांगावे लागू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. देहाची ओळख सर्वांच्या मनाचे समाधान होईल इतकी निर्विवाद पटली नाही, आणि त्या फटीतून पुढे एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणत अवतरला. चौकशी झाली, तो तोतया ठरला, त्याला किल्ल्यांवर कैदेत ठेवण्यात आले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरून तो बाहेर पडला, तेव्हा कोकणात हजारो माणसे त्याच्याभोवती जमली. त्याच वर्षी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. नाटकाच्या दृष्टीने बंड महत्त्वाचे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने चौकशी अधिक महत्त्वाची. तोतया हा धंद्यानेच अभ्यासू असतो. खऱ्या माणसाने आपले आयुष्य पाठ केलेले नसते, तोतयाने ते पाठ केलेले असते. पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुक्कामी कोण सरदार भेटीस आला होता, हे खऱ्या भाऊंना कदाचित आठवलेही नसते. तेव्हा केवळ प्रश्नोत्तरांवर निवाडा ठेवला तर चोराचे पारडे नेहमीच जड राहणार. पुण्याच्या बाजूला एक सोय होती: भाऊंना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांच्याबरोबर वावरलेली माणसे तेथे जिवंत होती. कारभारी नाना फडणीस स्वतः पानिपताहून परतलेले.

आणि तरीही ओळखीचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. भाऊंबरोबर पानिपतावर गेलेल्या आणि तेथून परतलेल्या पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या तोपर्यंत त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत, असे सांगितले जाते. पतीचे खाते, आजच्या भाषेत बोलायचे तर, त्यांनी कोणाला बंद करू दिले नाही. तोतयाला शासन करणारे दरबारी लोक आणि पार्वतीबाई या दोघांनाही एकाच मरणाविषयी निर्णय करायचा होता. एकाला पुरावा हवा होता, दुसऱ्याला पुरावा पुरेसा वाटत नव्हता, आणि त्यांपैकी कोणीही अप्रामाणिक नव्हते.

कालिदासाच्या शाकुंतलात गोष्ट उलट्या बाजूने येते. तेथे विस्मरण दारात आलेल्या व्यक्तीला झालेले नाही, ते द्वारपालाला झालेले आहे. मुद्रिका हरवलेली शकुंतला पाचव्या अंकात दुष्यंताला एक लहानसा प्रसंग सांगते, हरणाच्या पाडसाचा, जो त्या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. आज ज्याला सुरक्षाप्रश्न म्हणतात त्याचे हे निर्दोष उत्तर होते. राजाने ते स्त्रियांचे चातुर्य म्हणून उडवून लावले. उत्तर बरोबर असून भागत नाही. ते बरोबर आहे हे जाणणाराही पलीकडे असावा लागतो. पुढच्या अंकात मुद्रिका सापडते ती एका कोळ्याजवळ, आणि शिपाई प्रथम त्यालाच चोर म्हणून बांधून आणतात. खुणेची वस्तू जवळ असणे आणि त्या खुणेचा मालक असणे या दोन गोष्टी किती सहज विलग होतात, हे तो प्रवेश वाचताना हसू आणणाऱ्या संवादांमागे जाणवत राहते.

सुरक्षाप्रश्नांपैकी जुना व सर्वपरिचित प्रश्न आईच्या माहेरच्या नावाचा. पाश्चात्त्य बँकांनी तो रूढ केला, आणि तो रूढ होऊ शकला याचे कारण कोणी फारसे बोलून दाखवीत नाही. स्त्रीचे जन्माचे आडनाव विवाहानंतर समाजाच्या व्यवहारातून इतके पुरते नाहीसे होते, की ते गुपित म्हणून वापरता येते! महाराष्ट्रात तर तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून वधूचे पाळण्यातले नावही बदलण्याची चाल होती. खुर्सीपारच्या त्या वृद्धाला ‘आईचे माहेरचे नाव?’ असे विचारले तर तो थबकेल तो विस्मरणाने नव्हे. घरात ते नाव कधी कोणी उच्चारलेच नसेल. २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी आपल्याच वापरकर्त्यांची पाहणी केली तेव्हा असे आढळले, की अमेरिकेतील इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांना वेळ आली तेव्हा स्वतः दिलेली उत्तरेच आठवली नाहीत. उलट २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पॅलिन यांच्या ईमेल खात्यात एक विद्यार्थी शिरला, तो त्यांची जन्मतारीख आणि पतीची भेट कोठे झाली ही सर्वांना उपलब्ध असलेली माहिती सांगून. मालक बाहेर आणि अभ्यासू परका आत, ही तोतयाचीच कथा.

द्वारपालाचा पक्षही ऐकला पाहिजे. ‘मी म्हातारा आहे, पत्नी वारली, तिची छायाचित्रे आत आहेत’ असे काकुळतीने सांगणारा आवाज खऱ्या वृद्धाचा असेल तसाच ठकाचाही असू शकतो. किंबहुना ठकाला असा आवाज अधिक चांगला साधतो. दयेने दार उघडण्याची सवय लागली तर त्याची किंमत दुसरा एखादा वृद्ध मोजील, ज्याचे खाते त्या दयेमुळे लुटले जाईल. म्हणून कठोरपणा हा येथे सर्वस्वी निर्दयपणा नाही. परंतु कठोरपणाचे समर्थन आणि गैरहजेरीचे समर्थन यांत अंतर आहे. गल्लीच्या तोंडाशी बसणारा किल्लीवालासुद्धा अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कुलूप तोडीत नाही. तो शेजाऱ्याला हाक मारतो, ‘घर यांचेच ना?’ म्हणून विचारतो, आणि मग हत्यार काढतो. किल्ली हरवल्याने घर परके होत नाही, ही गोष्ट त्या गल्लीत सर्वांना मान्य असते. त्यात धोका नाही असे नाही. पण तो धोका पत्करणारा कोणीतरी तेथे उभा असतो, त्याला नाव असते आणि उद्या जाब विचारता येतो.

फेसबुकने २०१३ मध्ये अशीच एक सोय केली होती. काही विश्वासू मित्रांची नावे आधी देऊन ठेवावीत. खाते बंद पडले की प्रत्येकाकडे एकेक संकेत जाई, आणि ते गोळा करून माणूस आत जाई. पथकातल्या सोबत्याने ‘हा आपला आहे’ म्हणण्याचा हा नवा अवतार होता. पुढे ती बंद करण्यात आली. मित्रांनाही फसवता येते, आणि पुष्कळांनी मित्रांची नावे दिलेलीच नसतात, हे तिच्याविरुद्ध सांगता येण्यासारखे आहे. तरी एक उणीव निर्माण झाली हे नाकारता येत नाही. ज्याला सर्वात सोपे ते दार, म्हणजे ओळखणारी माणसे, तेच यंत्राला सर्वात अविश्वसनीय वाटते. शेकडो मित्रांची यादी आत आहे; त्यांतला एकही साक्षीला चालत नाही. शरीराच्या खुणांकडे वळावे तर तेथेही कारखान्यात आणि मजुरीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला नीट उमटवून घेता येत नाहीत, हा अनुभव आधारच्या व्यवहारात श्रमिकांना आला आहे. ज्या हाताने आयुष्यभर काम केले तोच हात ओळख द्यायला अपुरा पडावा, यात काही तरी उफराटे आहे.

भारतात २०२१ च्या नियमांनी अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणे, चोवीस तासांत तक्रारीची पोच देणे आणि पंधरा दिवसांत तिचा निकाल लावणे बंधनकारक केले. २०२२ च्या दुरुस्तीने त्यावर अपील समित्यांची तरतूद केली. नियम योग्य दिशेचे आहेत. पण अर्ज संगणकावरच करायचा आहे, भाषा वकिली वळणाची आहे, आणि ज्याला स्वतःचा शब्द आठवत नाही त्याने अर्जाचा क्रमांक आठवणीत ठेवायचा आहे. मुलगा पुण्याहून येईल तेव्हा तो हे सारे करील. तो बापाचे नाव, जन्मतारीख, जुना क्रमांक, सारे अचूक भरील. बापापेक्षा अधिक अचूक. आणि त्या क्षणी, यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर, प्रेमळ मुलगा आणि तोतया यांच्यात फरक करता येण्याजोगे काहीही नसेल.

तोवर तो वृद्ध दारापुढे बसून राहील. नातू शेजारून आपल्या दूरध्वनीवर तेच पान बाहेरून उघडून दाखवील. जेवढे जगाला दिसते तेवढे त्याला दिसेल: पत्नीचे एक छायाचित्र, खाली कोणाचेसे दोन शब्द. तिने त्यावर काय उत्तर दिले होते ते आत आहे. पडद्यावरील त्याच्याच चेहऱ्याखाली, त्याच्याच नावाशेजारी, ‘मैत्रीची विनंती पाठवा’ असे लिहिलेले असेल.