उशाखालचें पिस्तूल

माझा एक स्नेही तासगांवापासून दीड कोसावर मळ्यांत राहतो. द्राक्षाची बाग, बेदाण्याची शेड, म्हातारी आई, पत्नी, दोन मुलें आणि एक कुत्रा एवढा त्याचा संसार. हंगामांत मजुरांच्या पगाराची रोकड घरांत असते, आणि रात्रीं हांक मारली तर ऐकूं जाईल इतक्या अंतरावर दुसरें घर नाहीं. शेजारच्या शिवारांत एकदां दरोडा पडला. त्यानंतर त्यानें रीतसर अर्ज केला, परवाना मिळविला आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यांत बनलेलें ०.३२ बोअरचें रिव्हॉल्व्हर विकत घेतलें. तें घरीं आल्यावर तिसऱ्या दिवशीं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, घेतलें खरें, पण आतां हें ठेवूं कोठें?"

प्रश्न कपाटाचा आहे असें समजून मीं उत्तर देऊं लागलों, आणि दोन वाक्यें बोलून थांबलों. आत्मरक्षणाचें हत्यार हातापाशीं असलें पाहिजे, नाहींपेक्षां तें असून नसून सारखेंच. दरोडेखोर कुलूप उघडेपर्यंत ओसरीवर बसून राहत नाहीं. पण जें हत्यार बापाच्या हातापाशीं असतें तें मुलाच्याही हातापाशीं असतें. तें दूर ठेवावें, रिकामें ठेवावें, काडतुसें निराळ्या पेटींत घालून दोहोंना निराळीं कुलुपें लावावीं, किल्ली आपल्या अंगावर बाळगावी, हा शहाणपणाचा मार्ग खरा. परंतु मग अंधारांत, कांपऱ्या हातांनीं, दोन कुलुपें काढून सहा घरांत सहा काडतुसें भरावयाचीं, आणि तोंवर दार टिकावयाचें! म्हणजे ज्या भीतीसाठीं वस्तू घेतली त्या भीतीला ती जवळ हवी, आणि जिच्यामुळें दुसरी भीती उत्पन्न झाली त्या भीतीला ती लांब हवी. दोन्ही भीति खऱ्या आहेत. यांतली कोणती अधिक मानावी हें कोणता लोहार सांगणार?

आपल्याकडे या विषयाचा विचार झाला तो बहुतेक हक्काच्या बाजूनें. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें देशांतील लोकांस निःशस्त्र केलें ही सल दोन पिढ्या राहिली. १९३१ सालीं कराचीच्या काँग्रेसनें मूलभूत हक्कांच्या ठरावांत नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पुढें १९४८ सालीं घटनासमितींत ह. वि. कामत यांनी त्या हक्काचा आग्रह धरला. तो मान्य झाला नाहीं, आणि १९५९ च्या कायद्यानेंही शस्त्र ही परवान्याचीच वस्तू ठेवली. ज्या मुलखांत १९४२ नंतर नाना पाटलांचें प्रतिसरकार उभें राहिलें, तेथील माणसाला ही सल समजावून सांगावी लागत नाहीं. पण त्याच काळांतली दुसरी एक गोष्ट मला येथें आठवते. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीच्या तुरुंगांतून निसटले ते पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून घेऊन. त्या दिवशीं आपलें मन अर्थातच कैद्यांच्या बाजूचें असतें. तथापि बंदुकीकडे पाहिलें तर तिनें पक्ष बदलण्यास क्षणाचाही विलंब केला नाहीं. ती ज्याच्या हातीं त्याची. घरांतल्या बंदुकीचा स्वभाव निराळा असेल असें मानण्यास कांहीं आधार नाहीं.

कोणी म्हणेल, पूर्वींच्या वाड्यांतून भिंतीवर तलवारी लटकत असत, खंडेनवमीस त्यांची पूजा होई, आणि मुलें त्याखालीं खेळत. तें खरें. पण तलवार उचलावयास बळ लागतें, चालवावयास अभ्यास लागतो. रिव्हॉल्व्हरला एका बोटाचा दाब पुरतो. रागाला, निराशेला आणि बालपणाला जी सवड पूर्वींचें हत्यार देत असे ती यानें काढून घेतली आहे. खंडेनवमीस हल्लीं आम्ही पंपाला आणि ट्रॅक्टरला झेंडू वाहतों, आणि त्यांत कांहीं कमीपणा आहे असें मला वाटत नाहीं.

स्वसंरक्षणाच्या हक्काविषयीं मात्र मला शंका नाहीं. १८६० च्या दंडसंहितेनें तो दिला. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेनेंही तो कायम ठेवला आहे. रात्रीं घर फोडणाऱ्याचा प्राण घेण्यापर्यंतही तो कांहीं प्रसंगीं पोंचतो, मात्र गरजेपेक्षां अधिक इजा करूं नये, एवढी अट कायद्यानें घातली आहे. गांधीजींनींही १९२० सालीं, भ्याडपणा आणि हिंसा यांखेरीज तिसरी वाट नसेल तर आपण हिंसेचा सल्ला देऊं, असें लिहून ठेवलें आहे. तेव्हां माझ्या स्नेह्यानें हत्यार घेतलें यांत पाप नव्हतें. त्याचा प्रश्न त्याच्या पुढचा होता.

अमेरिकेंत सिॲटल शहर ज्या परगण्यांत आहे तेथें १९७८ ते १९८३ या सहा वर्षांतले बंदुकीचे मृत्यु दोन डॉक्टरांनीं तपासले आणि १९८६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घरांत बंदूक होती त्याच घरांत तीनशें अठ्ठ्याण्णव माणसें मेलीं. त्यांपैकीं आत्मरक्षणार्थ मारलेलीं नऊ, अपघातानें मेलेलीं बारा, खून झालेलीं एकेचाळीस, आणि ज्यांनीं स्वतःचा जीव घेतला तीं तीनशें तेहतीस. हे आंकडे मीं स्नेह्याला वाचून दाखविले. त्यानें शांतपणें ऐकलें आणि विचारलें, "नुसती बंदूक दाखवून चोर पळाला, अशा रात्रीं यांत मोजल्या आहेत का?" मोजलेल्या नाहींत. मुलूखही निराळा, माणसेंही निराळीं. शेतकऱ्याला आंकड्यांनीं हरविणें पंडित समजतात तितकें सोपें नसतें. पण त्या तीनशें तेहतीसांचें काय, हें मीं विचारलें तेव्हां तो बोलला नाहीं.

कारण तें त्याला परकें नव्हतें. द्राक्षाच्या मुलखांत फवारणीचें विष प्रत्येक मळ्यांत असतें, आणि तें कधींकधीं कशाला वापरलें जातें हें सर्वांना ठाऊक असतें. ज्याला मरावयाचें आहे तो कसाही मरेल, असें आपण अशा वेळीं म्हणतों. तें खोटें आहे. श्रीलंकेनें १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. त्या देशांतलीं दुःखें निम्मीं झालीं नव्हतीं. फक्त वाईट घटकेला हाताशीं जें होतें तें पूर्वींइतकें घातक राहिलें नव्हतें. ती घटका टळली कीं माणूस पुष्कळदां पुन्हां बागेंत जातो.

येथें माझ्या मतें खरा मुद्दा आहे. परवान्याच्या अर्जावर सही करणारा माणूस आणि कर्जाच्या कागदांपुढें रात्रीं दोन वाजतां बसलेला माणूस यांचें नांव एक असलें तरी ते दोघे एक नव्हेत. पहिल्यानें दुसऱ्याच्या स्वाधीन काय करून ठेवावें, हा त्याच्या नीतीचा प्रश्न आहे. २०१६ च्या नियमांनीं हत्यार सुरक्षित ठेवण्याविषयीं अर्जदाराकडून लिहून घेण्याची तरतूद केली, ती योग्यच; परंतु तें लिहून देणारा नेहमीं पहिलाच असतो. बाजारांत आतां बोटाचा ठसा ओळखून निमिषांत उघडणाऱ्या पेट्या मिळतात. त्यांनीं मुलाची काळजी मिटते हें मान्य. पण पेटी बोट ओळखते, मन ओळखत नाहीं. स्नेह्याची पत्नी म्हणाली कीं कुलूप लावणें म्हणजे घरच्या माणसांवर अविश्वास दाखविणें आहे. मीं म्हणालों, "वहिनी, धान्याच्या कणगीवर झांकण असतें तें कोणावर अविश्वास म्हणून?" हा दृष्टान्त फारसा बरा नव्हता, हें मला मागाहून कळलें. अविश्वास होताच, फक्त तो तिच्यावर नव्हता.

अखेर त्यानें लोखंडी पेटी भिंतींत बसविली, रिव्हॉल्व्हर रिकामें करून तींत ठेवलें, काडतुसें निराळीं ठेवलीं. पहिली भीति त्यानें थोडी जास्त सोसावयाचें ठरविलें.

पुढें एका वर्षीं अवकाळी पावसानें बाग गेली. घड हातांत धरले कीं कुजके मणी गळत. एका संध्याकाळीं तो आला, चहा घेतला, आणि काडतुसांच्या पेटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मास्तर, ही तुमच्याकडे राहूं द्या. कां तें विचारूं नका." मीं विचारलें नाहीं. पांच आठवड्यांनीं तो ती मागावयास आला.

प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या आरंभींच सॉक्रेटीस एक प्रश्न घालतो. मित्रानें शुद्धीवर असतांना तुमच्याजवळ शस्त्र ठेवलें आणि वेड लागल्यावर तें परत मागितलें, तर द्यावें काय? देऊं नये, असें तेथें सारे चटकन कबूल करतात. चाळीस वर्षें मीं तें स्थळ मुलांना शिकविलें, आणि मीही चटकन कबूल करीत आलों. आतां तो माझ्या ओसरीवर बसला होता. दाढी केलेली होती, बोलणें सरळ होतें, बँकेनें मुदत वाढवून दिल्याचें तो सांगत होता. वेड्याचें एकही लक्षण नव्हतें; शहाण्याचें कोणतें असतें हें मला ठाऊक नव्हतें. किल्ली न द्यावी तर त्याच्या शब्दावर मीं शिक्का मारला कीं तूं बरा नाहींस. द्यावी तर त्यानें ज्या माणसापासून ती लपविली होती तोच मागत नसेल कशावरून?

मीं म्हणालों, "उद्यां सकाळीं ये, आणि वहिनींना घेऊन ये." त्याला राग आला, तो मला दिसला. तो कांहीं न बोलतां गेला. ती रात्र मीं बरीचशी जागून काढली.

सकाळीं दोघेंही आलीं. मीं किल्ली तिच्यासमोर त्याच्या हातांत दिली. त्यानें ती खिशांत न ठेवतां तिच्याकडे पाहिलें, आणि मग आम्हीं बेदाण्याच्या भावाविषयीं बोलत बसलों. पुढच्या आठवड्यांत रिव्हॉल्व्हर आणि काडतुसें त्यानें परवानेदार दुकानदाराकडे सुरक्षित ठेव म्हणून नेऊन ठेवलीं आणि पावती घेतली. मळ्यांत आतां दुसरा कुत्रा आला आहे, व फाटकापाशीं रात्रभर दिवा जळतो. पावती परत करून हत्यार आणावें कीं नाहीं, याविषयीं त्या दोघांचा वाद अजून चालू आहे.