पाळणे

मराठीत आपण कुत्रा पाळतो, आणि शब्दही पाळतो. व्रत पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो. एकाच क्रियापदाने भाषेने ही सारी कामे एका रांगेत बसवली आहेत, आणि त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्या क्रियेचा भार कर्त्यावर पडतो. शब्द पाळला गेला नाही तर दोष शब्दाचा नसतो. पथ्य मोडले तर ते पथ्याने मोडलेले नसते. कुत्र्याशी येताच मात्र हा भार नकळत जागा बदलतो. कुत्रा पाळला म्हणजे आता त्याने राखण करावी, बोलावले की यावे, परक्यावर भुंकावे, आपल्या माणसावर भुंकू नये, अशी अपेक्षांची यादी सुरू होते. इमान हा गुण आपण त्याच्या नावावर लिहून मोकळे होतो. पाळणाऱ्याच्या इमानाला मात्र आपल्याकडे वेगळा शब्दच नाही.

या संबंधाचे स्वरूप नीट पाहिले तर तो कराराच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. करारात दोन पक्ष लागतात, आणि दोघांनाही अटी ठाऊक असाव्या लागतात. पिल्लू घरी आणले जाते तेव्हा त्याला कोणी विचारलेले नसते. ते कोठे झोपेल, काय खाईल, त्याला पिल्ले व्हावीत की नाही, आणि शेवटी त्याचे मरण कोणत्या दिवशी यावे, हे सारे दुसराच ठरवणार असतो. गुलामगिरीच्या विरोधात जे जे म्हटले जाते ते सर्व येथे म्हणता येईल. तरीही आपण हा संबंध त्याज्य मानत नाही, कारण हजारो वर्षांच्या सहवासाने कुत्रा हा आता माणसाच्या वस्तीबाहेर सहज जगू शकणारा प्राणी उरलेला नाही. स्वातंत्र्य देऊन त्याच्यावर उपकार करता येत नाहीत. ज्याला मुक्त करणे म्हणजेच टाकून देणे होय, अशा जिवावरची सत्ता कशी वापरावी, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

आणि तो प्रश्न तत्त्वचर्चेत कमी, कानाच्या मळात आणि पंजाच्या बेचक्यांत अधिक भेटतो.

जेरेमी बेंथॅमने 1789 साली प्राण्यांविषयीचा वाद बुद्धी आणि वाचा यांवरून काढून वेदनेवर आणला, हे सर्वश्रुत आहे. परंतु वेदना आहे एवढे मान्य केल्याने काम भागत नाही. ती ओळखावी लागते. कुत्र्याची जात वेदना लपवण्यात मोठी तरबेज. पाय मोडला तर तो ओरडेल. पण दाढ किडली, सांधे धरले, कानात पू झाला, तर तो बहुधा ओरडत नाही. तो फक्त थोडा बदलतो. रोज उडी मारून बसायचा त्या ओट्यापाशी क्षणभर थांबतो. कोरडे खाद्य तोंडात घेऊन खाली टाकतो. एकाच बाजूला मान झुकवून कान झाडत राहतो. एकच पंजा तासन्‌तास चाटतो. मागचा भाग जमिनीवर घासत चालतो तेव्हा घरातील माणसे हसतात किंवा जंत झाले म्हणून मोकळी होतात. पुष्कळदा तेथल्या ग्रंथी तुंबून सुजलेल्या असतात. पूर्वी खेळणारा कुत्रा एकाएकी मुलांवर गुरगुरू लागला तर आपण त्याला तऱ्हेवाईक ठरवतो. त्याच्या पाठीला हात लावून पाहण्याचे फार थोड्यांना सुचते.

यातून एक गोष्ट निघते, ती मला महत्त्वाची वाटते. जेथे दुसरा बोलू शकत नाही तेथे अज्ञान हे निर्दोष राहत नाही. माणसामाणसांत ‘त्याने मला सांगितले नाही’ हे उत्तर चालते. येथे ते चालत नाही, कारण सांगणे हे कामही पाळणाऱ्यानेच अंगावर घेतलेले असते. त्याच्या वतीने त्याचे दुखणे पाहणे, आणि ते वैद्यापुढे शब्दांत मांडणे, हे दोन्ही त्याचेच. निरीक्षण हा येथे स्वभावाचा गुण नाही, ते कर्तव्य आहे.

गोचिडीचेच पाहा. इतका क्षुद्र विषय नैतिक चिंतनात आणावा का, असे कोणास वाटेल. आणावा, असे माझे मत आहे. आपल्या उष्ण हवेत गोचीड बाराही महिने कुत्र्याच्या अंगावर असते. पावसाळ्याच्या आगेमागे तर तिला ऊत येतो. कानाच्या पाळीमागे, बोटांच्या मध्ये, मानपट्ट्याखाली ती लपते. ती रक्त पिते एवढेच असते तर गोष्ट निराळी. तिच्यामार्फत बॅबेसिया आणि एर्लिकिया या जंतूंचे ताप येतात. आधी कुत्रा नुसता मरगळतो, अन्नाकडे पाठ करतो. हिरड्या फिक्या पडतात. रक्त गोठवणाऱ्या पेशी घटल्या म्हणजे एखाद्या सकाळी नाकातून रक्त ठिबकते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिनसारखे साधे औषध आहे, पण ते तीन-चार आठवडे नेमाने द्यावे लागते. दुसऱ्याच आठवड्यात कुत्रा शेपूट हलवू लागतो आणि बहुतेक घरांतील औषध तेथेच थांबते. शिवाय रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याच्या अंगावर अंडी घालत नाही. ती उतरून भिंतीच्या फटीत, पायपुसण्याखाली, खाटेच्या खाचेत हजारो अंडी घालते. म्हणजे रोग कुत्र्याच्या अंगावर दिसतो, पण त्याचे मूळ आपल्या घरात असते. कुत्र्याला रॉकेल चोळून अंगणात बांधणारा मनुष्य त्याची कातडी भाजतो आणि फटी तशाच ठेवतो. दोष जेथे दिसतो तेथेच तो आहे असे समजण्याची ही सवय कुत्र्यापुरती मर्यादित नाही, पण तो विषय येथे नको.

निष्काळजीपणा ओळखणे त्या मानाने सोपे. प्रेमाने केलेली इजा ओळखणे अवघड. पोळी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्या परंपरेतील करुणेची एक थोर प्रतिमा आहेत. सर्वांभूती एकच पाहणाऱ्याला कोरडी पोळी खाणारा जीव पाहवला नाही. ही कथा मला अतिशय प्रिय आहे. आणि तरीही एखादा पशुवैद्य त्या वाटेवर उभा असता तर त्याने हात जोडून वाटी खाली ठेवायला सांगितले असते. स्निग्ध पदार्थांनी कुत्र्याचे स्वादुपिंड सुजते. कांदा त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, द्राक्षे व मनुका मूत्रपिंडे निकामी करू शकतात, चॉकलेट हृदयाला बाधते. घरातल्या तापाची गोळी अर्धी करून त्याला देणारा माणूस क्रूर नसतो. तो त्याला आपल्यासारखा समजतो, एवढेच. नामदेवांनी कुत्र्यात आपल्याइतकाच परमेश्वर पाहिला. आपण त्याच्यात आपल्यासारखेच पोट पाहतो. समता आणि सारखेपणा यांतील हा गोंधळ आहे. दुसऱ्याला समान मानणे म्हणजे त्याचे वेगळेपण मानणे, हे माणसांच्या बाबतीतही आपल्याला उशिराच कळते.

हाच गोंधळ निवडीच्या क्षणीही असतो. 2003 च्या सुमारास एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग दिसू लागला आणि शहराशहरांतून त्या जातीला मागणी आली. चपटे नाक आणि सुरकुतलेला चेहरा गोड दिसतो. पण त्या चपट्या नाकातून श्वास नीट जात नाही. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांपुरताच. अंगातील उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. ज्याला धापच नीट टाकता येत नाही त्याला मे महिन्यातील नागपूर म्हणजे काय, याचा विचार विकणाऱ्याने केला नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. सैबेरियाच्या बर्फासाठी घडलेली हस्की मुंबईच्या दमट हवेत आणली जाते. प्रजननातून व्यंग वाढवायचे आणि त्या व्यंगालाच देखणेपण म्हणायचे, हा व्यवहार खरेदीच्या पावतीने शुद्ध होत नाही.

आता दारातल्या कुत्र्याकडून रस्त्यावरच्या कुत्र्याकडे यावे लागते, कारण पाळणे या शब्दाची कसोटी तेथे लागते. 1926 मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने आवारात शिरलेली साठ मोकाट कुत्री मारवली. त्याविषयी गांधीजींचे मत विचारण्यात आले. अहिंसेच्या उपासकाने निषेध करावा अशी अपेक्षा होती. त्यांनी त्या कृत्याचे समर्थन केले, आणि ‘यंग इंडिया’तून त्यावर लेखमाला लिहिली. त्यांचा युक्तिवाद आजही बोचतो. बेवारस कुत्रा हे समाजाच्या दयेचे चिन्ह नसून त्याच्या आळसाचे चिन्ह आहे. ज्याला दया येते त्याने कुत्रा घरी ठेवावा किंवा त्याच्या सोयीचा खर्च सोसावा. उष्ट्याचा तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे, असा त्याचा आशय. मारण्यापर्यंतचा त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही. नसबंदी आणि सामूहिक लसीकरण हा आज हाताशी असलेला मार्ग त्यांच्यासमोर नव्हता. परंतु निदान अचूक आहे. तुकडा टाकणारा हात संध्याकाळी पुण्य घेऊन घरी जातो. खरूज, पार्व्होने मरणारी पिल्ले, चाकाखाली चिरडलेला पाय हे रस्त्यावरच राहते.

2001 च्या आणि नंतर 2023 च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनी नसबंदी व लस करून कुत्र्याला त्याच्याच जागी सोडण्याचे धोरण स्वीकारले. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री कायमची निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश 11 तारखेला दिला. 22 तारखेला तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस देऊन परत सोडण्यास सांगितले. अकरा दिवसांच्या त्या वादात दोन्ही बाजूंनी कुत्र्याविषयी पुष्कळ बोलले गेले. रस्त्यावरच्या कित्येक कुत्र्यांची वंशावळ कोणाच्या तरी दारापर्यंत जाते, हे मात्र फारसे बोलले गेले नाही. घरची कुत्री माजावर असताना मोकळी सोडलेली असते. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या कडेला ठेवलेली असतात. बदली झाली म्हणून, घरात बाळ आले म्हणून, कुत्रा म्हातारा झाला म्हणून एखाद्या रात्री गाडीचे दार उघडलेले असते.

पिसाळण्याच्या रोगाने तर ही गोष्ट खाजगी राहूच दिलेली नाही. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आणि तरी पाश्चरने 1885 साली मार्ग दाखवल्यापासून तो टाळता येणारा रोग आहे. वस्तीतील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर त्याची साखळी तुटते. म्हणजे मी माझ्या कुत्र्याला टोचलेली लस ही माझ्या कुत्र्यापुरती नसते. पलीकडच्या गल्लीतील, मला कधीही न भेटणाऱ्या मुलाच्या आयुष्यात तिचा वाटा असतो. लस चुकली असताना ‘आमचा घरचाच आहे, काही होत नाही’ असे चावा बसलेल्या शेजाऱ्याला सांगणारा मनुष्य लज्जेपोटी एका जिवाची पैज लावत असतो.

कायद्याने यातील काही गोष्टी गुन्हा ठरवल्या आहेत. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या 11व्या कलमात आखूड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे, बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हयगय करणे, उपाशी ठेवणे, टाकून देणे हे सारे आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. तेव्हाही तो जड नव्हता.

सर्वांत कठीण प्रसंग शेवटचा. 1928 मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी इंजेक्शन देववून मरण दिले, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकेचे मोहोळ उठले. साठ कुत्र्यांच्या प्रसंगी ते माणसाच्या सुरक्षिततेचा विचार करत होते. वासराच्या प्रसंगी केवळ वासराचा. मला हा भेद निर्णायक वाटतो. म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडे गेली, त्याला उठवत नाही, तो स्वतःच्याच ओल्यात पडतो, तेव्हा घरातील माणसे दोन भिन्न प्रश्न एका वाक्यात विचारतात: ‘आता बघवत नाही.’ कोणाला बघवत नाही? आपले बघणे संपावे म्हणून दिलेले मरण आणि त्याचे सोसणे संपावे म्हणून दिलेले मरण बाहेरून अगदी सारखे दिसते. सुई तीच, टेबल तेच. उलट, केवळ आपल्याला निरोप घेता येत नाही म्हणून त्याला आणखी पंधरा दिवस सलाइनवर ठेवणे, हेही त्याच्यासाठी केलेले नसते.

महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी आणि भाऊ पडले तेव्हा युधिष्ठिर थांबला नाही. कुत्र्याला सोडून रथात बसायला मात्र त्याने नकार दिला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे आपल्याला ठाऊक आहे. युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे हस्तिनापुरापासून मागे आलेले एक दमलेले जनावर होते, आणि शरण आलेल्याला टाकायचे नाही एवढा एक नियम. इंद्राशी त्याचा वाद सविस्तर आला आहे. त्या लांब वाटेत कुत्र्याला पाणी कोणी पाजले, त्याच्या पंजात रुतलेले काटे कोणी काढले, हे महाभारतात नाही.