कास्ट्याचे लुगडे, कॅलेंडरचा समुद्र

वाचनालयाच्या माळ्यावरून खाली काढलेला १९५०च्या आसपासचा दिवाळी अंक हातात घेतला की आधी वास येतो, मग रंग दिसतो. कडा पिवळ्या पडलेल्या, पाठीवर खळीचे डाग आणि मुखपृष्ठावरच्या बाईच्या पावलापाशी वाचनालयाचा जांभळा शिक्का. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. डोंबिवलीत तर दिवाळी अंक योजनेची पावती फाडली की मगच सण आल्यासारखा वाटणारी घरे आजही आहेत. या पट्ट्यातल्या दोन-तीन पिढ्यांची नजर अशा मुखपृष्ठांनी घडवली. त्यावरची बाई बहुतेक वेळा हातात निरांजन धरून उभी असते. मधूनच मात्र एखाद्या अंकावर किंवा कॅलेंडरवर समुद्र येतो, माड येतात, दूर एखादे शीड दिसते आणि पुढे कमरेवर पाटी टेकवलेली कोळीण उभी असते.

या चित्रसृष्टीची दोन मोठी नावे म्हणजे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलाल मडगावचे (१९१६–१९७१), मुळगावकर असनोड्याचे. दोघेही गोव्यातून मुंबईत आलेले. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि चित्रकार स्वतःच संपादक झाला. मुळगावकरांनी देवादिकांची कॅलेंडरे रंगवली आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही केली. एअरब्रशच्या फवाऱ्याने ते गालावर अशी झाक आणत, की कुंचल्याचा फटकारा कुठे दिसू नये. दलालांचे बळ रेषेत होते. त्यांची बाई दोन-चार वळणांत उभी राहते आणि पदराची चुणी तिचा सगळा डौल सांगून जाते. माडांखाली वाढलेल्या या माणसांनी मुंबईच्या खोल्यांत बसून किनारा रंगवला. त्यात सुटलेल्या गावाची ओढ नसेलच, असे मानणे कठीण आहे.

याच काळात अमेरिकेत ‘पिन-अप’ जोरात होते. पिन-अप म्हणजे भिंतीला टाचून ठेवायचे चित्र. सेंट पॉल शहरातल्या ब्राउन अँड बिगेलो या कॅलेंडर कंपनीसाठी गिल एल्व्हग्रेन तैलरंगात तरुणी रंगवत असे. मॉडेलचे फोटो काढायचे आणि ते समोर ठेवून चित्र करायचे, ही त्याची रीत. त्याच्या चित्रांत सतत काहीतरी अपघात घडलेला असतो. वाऱ्याने झगा उडतो, कुत्र्याचा पट्टा पायात अडकतो, गळाला भलतेच काही लागते. बाईच्या चेहऱ्यावर ‘अगं बाई!’ असा भाव असतो. पाय दिसतात, पण तिने ते दाखवलेले नसतात. त्या बाजारात सभ्यता राखायची होती ती या अपघाताने राखली.

मराठी चित्रकाराला वाऱ्याची गरज पडली नाही, कारण त्याच्यासमोर कास्ट्याचे लुगडे होते.

कोळणीचे लुगडे गुडघ्यापर्यंत येते आणि मागे घट्ट खोचलेले असते. पाण्यात उतरायचे, चिखलातून चालायचे, भरलेली पाटी घेऊन घाईने बाजार गाठायचा, तर घोटा झाकणारे वस्त्र परवडत नाही. म्हणजे हा पेहराव कामातून आलेला आहे. चित्रकार धुरंधरांनी मुंबईच्या तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची पोस्टकार्डे केली तेव्हाही हा डौल टिपला गेला. पुढे कॅलेंडरवर त्याच लुगड्याचा उपयोग बदलला. मध्यमवर्गीय घरातल्या भिंतीवर स्वतःच्या घरातली बाई अशी रंगवलेली चालली नसती. कोळीण चालली, कारण ‘त्यांचा पेहरावच तसा’. एल्व्हग्रेनने अपघाताकडून घेतलेली सवलत इथे एका कष्टकरी बाईच्या अंगावरून घेतली गेली. चित्रे सुंदर आहेत, तरी ही गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी.

एक मात्र त्या चित्रांच्या बाजूने सांगितले पाहिजे. चित्रातली कोळीण दचकत नाही. ती समोर बघते, तिची मान ताठ असते, पाटीवरचा हात घट्ट असतो. मराठीत दचकायचे काम ‘आवाज’ या दिवाळी अंकाने वाचकावर सोपवले. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या अंकातली खिडकीचित्रे अजून लोकांच्या लक्षात आहेत. पानाला कापलेल्या खिडकीतून काहीतरी चावट दिसते, पान उलटले की आतले चित्र अगदी साधे निघते. पकडला जातो तो पाहणारा. विनोदाची ही रीत अमेरिकन कॅलेंडरपेक्षा अधिक प्रामाणिक वाटते.

आता त्या समुद्राकडे पाहू. कॅलेंडरवरचे पाणी निळे असते आणि वाळू पिवळी असते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाट्याला आली ती खाडी. ठाण्याच्या स्टेशनालगत चेंदणी कोळीवाडा आहे. १८५३ साली आलेल्या रेल्वेने त्याचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले. पूर्वेकडच्या मीठबंदर रस्त्याच्या नावात जुने मीठ आणि जुने बंदर दोन्ही उरले आहे. कल्याणला दुर्गाडीखाली उल्हास नदीचे पाणी भरती-ओहोटीने वरखाली होते. या किनाऱ्याचा रंग काळा आणि हिरवा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिवरांची टोकदार मुळे वर येतात, निवट्या टुणटुण उड्या मारत बिळात शिरतात. चिंबोरी धरायला हात अशाच बिळात कोपरापर्यंत घालावा लागतो. पोटरीला चढलेला हा चिखल कॅलेंडरवर सहसा सापडत नाही, आणि लुगडे गुडघ्यापर्यंत असण्याचे खरे कारण तोच आहे.

कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी खाडीत उतरले तशी खाडीतली मासेमारी आटली. कोळीवाड्यांतली मुले नोकऱ्यांत गेली. भाऊच्या धक्क्यावरून घेतलेल्या मासळीच्या पाट्या लोकलच्या लगेजच्या डब्यातून उपनगरांत येऊ लागल्या. त्या डब्यातली बाई हे पन्नास-साठ वर्षांतले मोठे चित्र होते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला ते दिसले नाही. खाडीकडे मात्र वेगळ्या कारणाने पुन्हा लक्ष गेले. २०१५ साली ठाणे खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि २०२२ साली ही खाडी पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. रोहित पक्ष्यांसाठी लोक दुर्बिणी घेऊन येतात. ज्या चिखलातून हे पक्षी खाद्य गाळून घेतात, त्याच चिखलातून कोळणींनी पिढ्यानपिढ्या घरे चालवली.

जुन्या कॅलेंडरच्या धर्तीवर चित्रे करण्याची हौस आज पुन्हा दिसते. उपाहारगृहांच्या भिंतींवर, कापडी पिशव्यांवर नऊवारीतल्या बाया उमटतात. ही हौस वाईट नाही. दलालांची रेषा नव्या हातांनी गिरवावी, मुळगावकरांची झाक संगणकावर आणून बघावी. त्यातून हात तयार होतो. फक्त किनारा इथला घ्यावा. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यातल्या बायका स्वतःच नटून, एका रंगाच्या साड्या नेसून, सगळे सोने अंगावर घालून एकमेकींचे फोटो काढतात, तेव्हा कसे उभे राहायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. हात कमरेवर, मान वर, आणि शेजारणीला ‘नीट बघ गो’ म्हणून दटावणे चालूच. मागे नारळ घेऊन निघालेली मिरवणूक असते, त्यापलीकडे गाडीचा भोंगा वाजतो आणि ओहोटीच्या काळ्या चिखलावर संध्याकाळचा तांबूस उजेड पडलेला असतो.