पालीची शेपटी आणि मुलांचं हृदय

भिंतीवरच्या पालीची शेपटी तुटून पडली की ती फरशीवर वळवळत राहते आणि पाल ट्यूबलाइटमागे पसार होते. आपण तिथंच थांबतो, खरी गोष्ट मात्र पुढं घडते. जखमेवर कातडीचा पातळ थर चढतो, त्याखाली पेशींचा गोळा जमतो आणि काही आठवड्यांत नवी शेपटी येते. ती अगदी जुन्यासारखी नसते. मणक्यांच्या जागी कूर्चेची एकसलग नळी असते, खवल्यांची मांडणीही बदललेली असते. पण व्रण राहत नाही.

माणसाच्या हृदयाला हे साधत नाही. पंचविशीतल्या माणसाच्या हृदयातल्या स्नायुपेशींपैकी वर्षाकाठी जेमतेम 1 टक्का नव्या होतात, असं स्टॉकहोमच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं. स्नायू मेला की तिथं ताठ व्रण भरतो, आणि व्रण आकुंचन पावत नाही.

हा फरक केवळ स्नायूचा आहे, असं मी मानत नाही. जखमेवर आधी धावून येणाऱ्या भक्षकपेशींचा, म्हणजे मॅक्रोफेजचा, यात मोठा वाटा आहे. अ‍ॅनोल जातीच्या सरड्यांमधल्या या पेशी औषधानं नष्ट केल्या तर शेपटी पुन्हा उगवत नाही. आता सस्तन प्राण्यांकडे पाहा. एक दिवसाच्या उंदराच्या पिल्लाच्या हृदयाचं टोक कापलं तर ते भरून येतं, सात दिवसांच्या पिल्लात येत नाही. डॅलसच्या प्रयोगशाळेनं हे 2011 मध्ये दाखवलं. पुढं 2014 मध्ये असंही दिसलं, की नवजात पिल्लातल्या मॅक्रोफेज काढून टाकल्या तर त्याच्याही हृदयावर व्रणच उरतो. म्हणजे ही क्षमता सस्तन प्राण्यांमध्ये मुळातच नाही असं नव्हे. ती आठवडाभरात मावळते. ती का मावळते आणि सरड्यात आयुष्यभर कशी टिकते, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

कारण आपल्याकडच्या कित्येक मुलांचं हृदय बिघडतं तेच मुळी प्रतिकारशक्तीची दिशा चुकल्यामुळं. मुलाचा घसा स्ट्रेप्टोकॉकस जंतूनं सुजतो आणि बराही होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा धरतो. जंतूविरुद्ध उभी राहिलेली फौज हृदयाच्या झडपांनाच शत्रू समजू लागलेली असते. हाच संधिवाताचा ताप. सांध्यांची सूज ओसरते, झडपेवरचा व्रण मात्र राहतो. पाच वर्षांखालच्या मुलांना गाठणाऱ्या कावासाकी आजारातही हृदयाच्या रक्तवाहिन्या दाहामुळंच फुगतात.

सरड्यांवर पैसे कशाला घालवायचे, असं विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. 1882 मध्ये मेसिना इथं इल्या मेचनिकॉफनं तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्याला दिसल्या. भक्षकपेशींची ओळख तिथून झाली आणि 1908 मध्ये त्याला नोबेल मिळालं. ब्राझीलमध्ये सर्जिओ फेरेरा झाराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर काम करत होता. 1965 मध्ये त्यानं त्यातला एक घटक दाखवला. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध तयार झालं आणि 1981 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच गटातलं एनालाप्रिल आज हृदय थकलेल्या लहान मुलांनाही देतात. या दोघांनीही मुलांच्या हृदयासाठी म्हणून काम सुरू केलेलं नव्हतं. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेशींवरच्या संशोधनाला पैसा आणि वेळ, दोन्ही मिळालेच पाहिजेत.

मात्र त्या संशोधनाच्या नावावर आज कुणी पालकांना आशा विकू नये. सरड्याच्या पेशींतून आलेला मुलांच्या हृदयावरचा कोणताही उपाय अजून दवाखान्यात पोहोचलेला नाही. जो उपाय पोहोचलेला आहे तो जुना आहे, स्वस्त आहे आणि दुखरा आहे: दर तीन आठवड्यांनी कुल्ल्यात द्यायचं पेनिसिलिनचं जाडसर, पांढरं इंजेक्शन. ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. मूल रडतं, आईची मजुरी बुडते, ताप तर कधीच गेलेला असतो, मग इंजेक्शन हळूहळू सुटतं. पुन्हा घसा धरतो आणि झडपेवर आणखी एक घाव बसतो. नवं काही शोधण्याइतकीच हे गळणं थांबवण्याचीही निकड आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गावातली परिचारिका, वेळेवर पोहोचलेला साठा आणि आठवण करून देणारं कुणीतरी, एवढं लागतं. मुलांपर्यंत पोहोचणारी यंत्रणाही आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं अंगणवाड्या आणि शाळांतल्या मुलांची तपासणी करतात.

घसा दुखून गेल्यावर मुलाचा एकेक सांधा आळीपाळीनं सुजू लागला तर वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या. आणि पेनिसिलिन सुरू झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत त्याची एकही तारीख चुकवू नका.